आत्याची डुकरीण

"नाही तर म्हणायचंच नाही. पण कुठून आणलं, एवढं तरी विचारत जा गं."

लग्नाच्या चटया गुंडाळता गुंडाळता तेलेसियाची आई हे बोलली होती. विषय होता होणाऱ्या नणंदेचा. तेलेसियाच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, तरी तिला हसू आवरेना.

"आई, मी काय बंदरावरची कस्टमवाली आहे का, वन्संच्या टोपल्या उघडून बघायला?"

"टोपल्या कोण उघड म्हणतंय? विचार, एवढंच म्हणते. विचारायला काही लागत नाही."

विचारायला बरंच काही लागतं, हे तेलेसियाला लग्न होऊन एउआ बेटावर आल्यावर कळलं. ती टोंगाच्या राजधानीत वाढलेली, सामोआत राहून पशुपालनाची पदवी घेतलेली. डुकराला किती प्रथिनं लागतात ते तिला तोंडपाठ होतं. पण नवऱ्याची बहीण घरात शिरते, भांड्यावरचं झाकण उचलून बघते, आवडलं तर भांड्यासकट घेऊन जाते, आणि जाता जाता खांद्यावर नवी कोरी चटई टाकते, तेव्हा घरच्या सुनेनं चेहरा कसा ठेवायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. भावाचं घर ते बहिणीचं घर. नेलं तर नेलं म्हणायचं नाही, ठेवलं तर ठेवलं म्हणायचं नाही. ही नणंद, फुसी, कधी रताळ्यांचं पोतं आणून टाकायची, कधी कोंबडा, कधी सालीच्या कापडाचा गठ्ठा, आणि मनाला येईल तेव्हा परत न्यायची. पहिल्या वर्षी तेलेसियाचा जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्या वर्षी तिला घरात काही आलंगेलं हेच जाणवेनासं झालं. समुद्रावरच्या वाऱ्यासारखं ते अंगवळणी पडलं.

आणि फुसी वाईट नव्हती. मुळीच नव्हती. तेलेसियाला मुलगा झाला तेव्हा आत्या म्हणून त्याचं नाव तिनंच ठेवलं, उहिला, म्हणजे वीज. बाळाला कफ झाला की तेलाची बाटली घेऊन तीच आधी हजर. तिला स्वतःला मूल नव्हतं. आणि आता, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, लग्नाला कैक वर्षं उलटल्यावर फुसीला दिवस राहिले होते. आख्खं गाव तिच्याकडं काचेच्या भांड्यासारखं बघत होतं. ती मात्र पोट सांभाळत, पंखा हलवत भावाच्या शेडवर येऊन बसायची आणि डुकरिणींना नावानं हाका मारायची.

त्याच शेडमध्ये एक दिवस एक डुकरीण गाभडली.

एक गाभडली तर माणूस म्हणतं, पाय घसरला असेल, दुसरीनं मारलं असेल. तेलेसियाचा नवरा केपुएली यानंही तेच म्हणून मेलेली पिलं नारळीखाली पुरली. मग दुसरी गाभडली. मग तिसरी. आणि नर, तो धिप्पाड लाल नर, मागचा पाय ओढत चालायला लागला; त्याचं एक अंड सुजून शहाळ्याएवढं झालं. तेलेसिया कप्प्याबाहेर उभी राहून ते बघत होती. कडेवर उहिला होता. तिनं त्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उगाचच त्याचा हात फडक्यानं पुसला.

"केपुएली, पिलं काढताना हात धुतलेस का?"

"धुतले."

"साबणानं?"

"समुद्रात धुतले. साबणापेक्षा मोठं आहे ते."

त्यानंतर थोड्या दिवसांनी केपुएलीला ताप आला. दिवसा बरा असायचा, उन्हं उतरली की हुडहुडी, आणि सकाळी अंथरूण पिळून काढावं इतका घाम. मग मध्येच काही दिवस काहीच नाही. तो म्हणाला सर्दीताप आहे. तेलेसियानं मात्र ताप कधी चढतो, कधी उतरतो ते मांडून बघितलं. कॉलेजात वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून तिनं हा रोग लिहून घेतला होता. ब्रुसेल्ला. सूक्ष्म जंतू. डुकराकडून डुकराकडं जातो तो बहुतेक नर दाखवताना, नाहीतर गाभडलेल्या पिलांतून आणि वारेतून. जनावराला त्यावर औषध नाही. माणसाला आहे, पण वेळेवर घेतलं तर. आणि पोटुशी बाई असेल तर तिचं मूल धोक्यात.

ती शेवटची ओळ तिच्या डोक्यातून जाईना. भाकरफळ सोलताना, बाळाला न्हाऊ घालताना, चर्चमध्ये सगळे उभे राहून गात असताना तिला दिसायचे ते फुसीचे हात. फुसी शेडमध्ये येऊन काय काय हाताळते? हा रोग जिथून आला तिथंही ती जात असणार. ती कुठं जात नाही?

"वन्संना म्हणावं, शेडकडं येऊ नका," ती केपुएलीला म्हणाली.

"मी म्हणू?"

"मग कोण?"

"तेले, ताईला तिच्या भावाच्या घरात येऊ नको म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय."

डुकरांचं रक्त बोटीनं राजधानीला गेलं आणि उत्तर आलं. तेलेसियाचा अंदाज खरा होता. उत्तरामागोमाग पशुखात्याचा माणूसही आला, लिसिआते नावाचा, गोल चेहऱ्याचा, बोट लागल्यामुळे हिरवा पडलेला. धक्क्यावर पाऊल ठेवताच म्हणाला, "आधी कुणीतरी मला एक शहाळं द्या, मग मी रोग शोधतो."

शोधायचं होतं ते हेच: हा रोग आला कुठून. शेडमधली डुकरं मारून टाकता येतील, पण उगम सापडला नाही तर तो बेटभर हिंडत राहील. त्यातही कोडं असं की रोग तीनच घरी सापडला. केपुएलीच्या शेडमध्ये, त्याचा चुलतभाऊ होला याच्या आवारात, आणि चर्चच्या कारभाऱ्याकडं. तिन्ही घरं गावाच्या तीन टोकांना. मधली सगळी डुकरं ठणठणीत.

लिसिआतेनं घरोघरी बसून तेच विचारलं. डुक्कर विकत आणलं का? कुणाकडून उसनं घेतलं का? नर कुणाला दिला का, कुणाचा आणला का? तेलेसियाच्या ओट्यावर बसूनही विचारलं.

"नाही," केपुएली म्हणाला.

"नाही," तेलेसिया म्हणाली. तिनं नीट विचार करून सांगितलं. तिला शपथ घालून विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं.

"बाहेरचं एकही जनावर या शेडमध्ये आलेलं नाही?"

"बाहेरचं? नाही."

मग लिसिआते म्हणाला, म्हणजे ही भटक्या डुकरांची करामत. किनाऱ्यावर ओहोटीला शिंपल्या उकरत हिंडणारी मोकाट डुकरं कुंपणाखालून शिरली असणार. ती पकडून त्यांचं रक्त काढायचं ठरलं. चिखलात पालथा पडलेला सरकारी माणूस, त्याच्या हातात एका डुकराचा मागचा पाय, आणि किनाऱ्यावर बसून सल्ले देणारं गाव, अशी करमणूक बेटाला कैक दिवसांत मिळाली नव्हती.

"साहेब, पाय नको, कान धरा!"

"साहेब, त्याला आधी नाव विचारा!"

रक्त राजधानीला गेलं. भटकी डुकरं निर्दोष निघाली. लिसिआतेही खरचटलेले कोपर घेऊन परत गेला, आणि बाकीचं फोनवर बघू म्हणाला.

तेलेसियाला आता बसवेना. ती कुंपण तपासून यायची, आणि आल्यावर बाळाचं कपाळ तपासायची. दाराशी तिनं पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता. जो येईल त्याला हात धुवायला लावायची. केपुएलीची चेष्टा व्हायला लागली. होला म्हणायचा, "तुझ्या घरात शिरायचं म्हणजे ऑपरेशनलाच जातोय असं वाटतं." केपुएली हसायचा, आणि उन्हं उतरली की चादर ओढून घ्यायचा. दवाखान्यात त्याचंही रक्त दिलं होतं. उत्तर यायचं होतं.

अशात उहिलाचा पहिला वाढदिवस जवळ आला. पहिला वाढदिवस म्हणजे लग्नाच्या खालोखाल. होला आणि केपुएली अंगणातल्या फणसासारख्या डेरेदार भाकरफळाच्या झाडाखाली बसून मेजवानीचं ठरवत होते. घरची डुकरं मारून पुरायची होती, तेव्हा भाजायला डुकरं होलाच्या सासुरवाडीहून आणायची होती. तेलेसिया शेजारीच बाळाला अळूचा शिजवलेला कांदा कुस्करून भरवत होती.

"सगळ्यात मोठं डुक्कर आत्याचं," होला म्हणाला.

"ते काय सांगायला हवं? भाजलेलं एक आणि जिवंत एक."

"जिवंत तिच्या घरी पोचवायचं का?"

"तिच्याकडं कुंपण कुठाय? राहील इथंच. गेल्या वेळची नाही का राहिली? काही दिवस इथं, मग तुझ्याकडं, मग कारभाऱ्याकडं."

"माझ्याकडं तर माझ्या नराचा पार जीव जडला होता तिच्यावर," होला म्हणाला, आणि इकडंतिकडं बघून गप्प झाला, फुसी आसपास नाही ना म्हणून.

तेलेसियाच्या हातातला चमचा बाळाच्या तोंडापाशी थांबला. बाळानं आ वासला, वाट बघितली, आणि रडायला सुरुवात केली.

"कुठली डुकरीण?" ती म्हणाली.

"अगं ती, काळीपांढरी," केपुएली म्हणाला. "तूच तर तिला खोबरं घालायचीस."

घालायची. खरंच घालायची. रोज सकाळी नारळ फोडून, अर्धी वाटी त्या काळ्यापांढऱ्या डुकरिणीपुढं टाकायची. तिचा एक कान फाटका होता आणि ती खाताना डोळे मिटायची. सगळं तेलेसियाला आठवत होतं. आणि तरी लिसिआतेच्या डोळ्यांत बघून ती नाही म्हणाली होती.

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

"त्यानं काय विचारलं? विकत आणलं का, उसनं घेतलं का, बाहेरचं आलं का," केपुएली म्हणाला. "ताईची डुकरीण ताईच्याच घरात होती. त्यात आणलं काय आणि घेतलं काय?"

"माझ्याकडंही तेच," होला म्हणाला. "मी तिचा भाऊच. आणि कारभारी तिच्या आतेभावापैकी, म्हणजे तोही भाऊच."

तीन टोकांची तीन घरं. तिन्ही फुसीच्या भावांची. एवढं तर गावातल्या कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं. पण ते विचारलं कुणी नव्हतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कुणाला सुचलंही नव्हतं.

"आणि वन्संकडं ती कुठून आली?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले.

"ते कोण विचारणार?" केपुएली म्हणाला.

तेलेसियाला एकदम आईसमोर ओठांत धरलेल्या त्या टाचण्यांची चव तोंडात आल्यासारखी वाटली.

मग सुरू झालं ते वेगळंच. विचारायचं कुणी? केपुएलीला ती म्हणाली, तू जा. तर तो उठून उभाच राहिला.

"तिच्यापुढं? डुकरिणीच्या माजाचं? गाभडण्याचं? तेले, मोठे झाल्यापासून आम्ही दोघं एका खोलीत झोपलो नाही, एका सिनेमाला शेजारी बसलो नाही. तिच्यासमोर मी आजवर चड्डी हा शब्द उच्चारला नाही!"

होलाचंही तेच. मग तेलेसियानं राजधानीला फोन लावला.

"फुसी?" लिसिआते म्हणाला. "कुठली फुसी? होउमा गावची? अरे देवा. माझ्या आईकडून ती माझी बहीण लागते."

"लांबची ना?"

"बहिणीत लांबची-जवळची काय असतं?"

"अहो, तुम्ही सरकारी माणूस आहात."

"सरकारी माणसाला बहिणी नसतात का? तुम्ही जा ना. बाईनं बाईला विचारलं तर चालतं. फक्त जरा... खाली बसून विचारा."

म्हणजे उरली तीच. नात्यात सगळ्यांत खालची, परगावची, भावाची बायको.

ती कमरेला चांगली चटई बांधून गेली, जशी मोठ्या माणसाकडं जाताना बांधतात. अळूच्या पानांत नारळाच्या दुधासकट बांधून भाजलेलं मांस घेतलं, उहिलाला कडेवर घेतलं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली आणि मोडली. कुठूनही सुरुवात केली तरी शेवट आरोपावरच जात होता.

फुसी ओसरीवर खांबाला टेकून, पाय लांब पसरून बसली होती. पोट आता चांगलंच दिसत होतं.

"या, प्रोफेसरीणबाई! हात कुठं धुवायचे आमच्याकडं? बादली नाही हं."

"काय वन्सं, तुम्हीपण!" तेलेसिया खालच्या पायरीवर बसली. "कशी आहे तब्येत?"

"तब्येतीला काय झालंय? तुझा नवरा म्हणे जाळ्यातल्या माशासारखा थरथरतोय. त्याला लहानपणापासून काम आलं की ताप यायचा." ती हसली. मग अळूचं पुडकं उघडून वास घेतला. "मीठ कमी."

थोडं बाळाचं झालं, थोडं मेजवानीचं.

"वन्सं, तुमची ती काळीपांढरी कुठाय?"

"मागं बांधलीय. का? वाढदिवसाला कापताय की काय? ती नाही मिळायची. तिची पिलं हवीत मला."

"झाली का पिलं?"

फुसीच्या हातातला पंखा जरा हळू झाला. "झाली. दिवस भरायच्या आधीच. सगळी मेलेली. वार अडकली होती, ती बिचारी नुसती कण्हत होती."

"मग काढली कुणी?"

"मी."

"हातानं?"

"मग काय पायानं?"

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलू? मेलेली पिलं झाली म्हणून गावभर सांगत फिरू? माझे हे असे दिवस. लोक लगेच माझ्या पोटाकडं बघतात." ती इतकं साधं बोलली की तेलेसियाला तिच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या डोक्यात प्रश्न तयार होता, आणि तो बाहेर पडला.

"ती तुम्ही कुठून आणली होती?"

पंखा थांबला.

"काय म्हणालीस?"

"म्हणजे, कुणाकडची..."

"माझे मामा गेले राजधानीत, इथले भाऊ कुणी पोचले नाहीत, मी एकटीच होते, तेव्हा मला मिळाली. सगळ्या माणसांदेखत, सगळ्यांत आधी मला, मान म्हणून. मानाची आहे ती. तू काय विचारतेयस ते तुला कळतंय का?"

तेलेसियानं सांगायला सुरुवात केली, आणि चुकीच्या टोकाकडून केली. आधी डुकरिणींचं, मग नराचं, मग तीन घरांचं, मग केपुएलीच्या तापाचं. फुसीपर्यंत पोचायचं होतं शेवटी. तिच्या हातांपर्यंत, तिच्या पोटातल्या बाळापर्यंत. पण तिथवर जायच्या आधीच फुसीला ऐकायचं ते ऐकू आलं होतं.

"म्हणजे माझ्या भावाच्या घरात रोग मी नेला."

"तसं नाही, वन्सं..."

"मग कसं? सांग ना. शिकलेली आहेस."

तसंच होतं, हे तेलेसियालाही माहीत होतं. आणि त्याच क्षणी तिला दिसलं की एवढा वारा सुटलेला असताना फुसीचा गळा घामानं डबडबलाय. उठताना तिनं कमरेवर हात दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"वन्सं, तुम्हाला संध्याकाळी ताप येतो का?"

"पोटुशी बाई आहे मी. मला सगळंच येतं."

"एकदाच रक्त तपासू. पोटात मूल असतानाही घेता येतात अशा गोळ्या आहेत, डॉक्टर देतील. मी येते बरोबर. माझं ऐका..."

"माझ्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक आहे," फुसी म्हणाली. "इकडं आण त्याला."

उहिला आत्याचा आवाज ओळखायचा. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि अख्खा झेपावला. तेलेसियाला माहीत होतं, पक्कं माहीत होतं, की हा रोग माणसाकडून माणसाला असा मांडीवर घेतल्यानं होत नाही. डोक्याला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. तिच्या हातानं बाळाला मागं ओढलं. जरासंच. दुसऱ्या क्षणी तिनं त्याला पुढं केलं.

पण फुसीनं ते बघितलं होतं. तिनं पुढं केलेले हात हळूच खाली घेतले, आणि पदराला पुसावेत तसे आपल्या झग्याला पुसले.

"ने त्याला," ती म्हणाली. "ऊन लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी केपुएलीच्या कुंपणाला काळीपांढरी डुकरीण बांधलेली होती. शेजारी टोपलीत फोडलेलं खोबरं. कुणी बोलायला आलं नव्हतं. फुसी मात्र पहाटेच्या बोटीनं गेली होती, नवऱ्याला घेऊन, त्याच्या माणसांकडं, उत्तरेकडच्या हापाई बेटांच्या पट्ट्यातल्या एका टीचभर बेटावर.

डुकरिणीचं रक्त तपासलं आणि लिसिआतेचा फोन आला, आनंदानं ओरडतच. सापडला उगम! राजधानीत ज्या आवारातून ती अंत्यविधीला दिली गेली होती तिथंही डुकरिणी गाभडत होत्या. तिथल्या माणसानं लाजेनं लपवलं होतं. सगळे दुवे जुळले. बेटावरची बाकीची डुकरं वाचली. केपुएलीच्याही रक्तात तेच निघालं. त्याला गोळ्या सुरू झाल्या, आणि काही दिवसांनी तो अंगणात उभा राहून शीळ वाजवायला लागला.

"आता तरी शांत हो," तो म्हणाला. "सापडलं ना?"

"वन्संचं रक्त?"

तो शीळ वाजवायचा थांबला. "तू ते बाळाला मागं ओढायला नको होतंस, तेले," एवढंच म्हणाला. त्याला हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

वाढदिवस झाला. मंडपात सगळ्यांच्या पुढं आत्याची चटई अंथरली होती, तिच्यासमोर सगळ्यांत मोठं भाजलेलं डुक्कर ठेवलं होतं, आणि चटईवर कुणी नव्हतं. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, लोक जेवले, ऑकलंडहून आलेल्या मंडळींनी फोटो काढले. त्या चटईबद्दल कुणी काही विचारलं नाही. आमच्या बेटावर असं विचारत नाहीत.

तेलेसिया फोन लावत राहिली. एकदाच उचलला गेला, तोही फुसीच्या दिरानं. "बरी आहे ती," तो म्हणाला. "दिवसा चांगली असते. संध्याकाळी जरा पडून राहते. अंग दुखतं म्हणते. आठवा लागेल आता, चालायचंच." तेलेसियानं त्याला गोळ्यांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. तो हो, हो म्हणाला, जसं लोक मासे पकडताना आलेल्या फोनवर म्हणतात. त्यानंतर फोन बंद लागतोय. त्या पट्ट्यातली नर्स रजेवर राजधानीत गेलीय. वारं उठल्यामुळे मधली बोट बंद आहे. धक्क्यावरचा माणूस रोज म्हणतो, उद्या बघू. केपुएली पिशवी भरून बसलाय, पण तिथं पोचून बहिणीला तो काय विचारणार, हे त्यालाही ठाऊक नाही. तेलेसिया पिशवी भरते, उहिलाला झोळीत घालते, धक्क्यावर जाते आणि परत येते.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी उत्तरेकडून येत असेल, कुणाची होडी त्या बाजूला जात असेल, तर तिथं उतरा. धक्क्यावरून डावीकडं, सिमेंटच्या दोन पाण्याच्या टाक्यांच्या मागं, निळ्या दाराचं घर. संध्याकाळी जा, दुपारी ती तुम्हाला ठणठणीत वाटेल आणि तुमची चेष्टा करेल. डुकरिणीचं नाव काढू नका. कुठून काय आणलं ते विचारू नका, ते आता सगळं कळलंय. तिच्या डोक्याला हात लावू नका, आमच्याकडं तो अपमान असतो. हात हातात घ्या आणि गरम आहे का बघा. पोटात बाळ हलतंय का, एवढं विचारा. उहिला चालायला लागलाय आणि पडला की आत्याच्याच नावानं रडतो, असं सांगा. आणि हात गरम लागला तर काहीही करून तिला होडीत बसवा. चिडेल, शिव्या देईल. बसवाच.